त्याच्याशी वाद घालू नका, त्याची झोप विचारा

ताई,

मी ठाण्यात नोकरी करते. आईबाबा आणि धाकटा भाऊ सोलापूर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी असतात. भाऊ 19 वर्षांचा आहे. दोन वर्षं लातूरला राहून नीट दिली, दोन्ही वेळा एमबीबीएसला नंबर लागला नाही. घरी आल्यापासून खोलीतून बाहेर पडत नाही. रात्रभर मोबाइल, पहाटे कधीतरी झोपतो. वजन उतरलंय. टेलिग्रामवरच्या एका ग्रुपचा तो आता अ‍ॅडमिन आहे. मारहाणीचे, कत्तलीचे व्हिडिओ बघतो. परवा जेवताना एकदम म्हणाला, ‘यांना कापल्याशिवाय काही होणार नाही.’ बालवाडीपासूनचा मित्र ‘त्यांच्यातला’ म्हणून ब्लॉक केला. बाबा निकालापासून त्याच्याशी बोललेले नाहीत. आईने एका महाराजांकडून अंगारा आणलाय. काका म्हणतात, मोबाइल फोडा आणि चार फटके द्या, रविवारी मी येतो आणि सरळ करतो. हे सगळं मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. माझा भाऊ वेडा झालाय का? डॉक्टरकडे नेलं तर ते पोलिसांना कळवतील का? आणि नाही नेलं, आणि उद्या टीव्हीवर त्याचंच नाव दिसलं तर?

– एक मोठी बहीण, ठाणे

प्रिय बहिणी,

तुमच्या पत्रातल्या दोन-तीन ओळी मी छापलेल्या नाहीत. तो ग्रुप कोणाचा, ‘यांना’ म्हणजे कोणाला, हे त्या ओळींत होतं. ते छापलं असतं तर निम्मे वाचक ‘यांची मुलं असलीच’ म्हणाले असते आणि उरलेले ‘आमची मुलं असली नसतातच’ म्हणाले असते, आणि पुढचं कोणीच वाचलं नसतं. महाराष्ट्राने सगळ्या रंगांचं पाहिलेलं आहे. 2014 च्या मे महिन्यात कल्याणचे चार तरुण आयसिस या दहशतवादी संघटनेत जायला घरातून निघाले आणि इराकला पोचले. त्यांतला एक त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परत आला आणि अटकेत गेला. 2013 मध्ये पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडणारे दोघे तरुणच होते, त्यांना 2024 मध्ये जन्मठेप झाली. गडचिरोलीत तर शाळेच्या वयाची मुलं नक्षलवाद्यांच्या दलममध्ये गेलेली आहेत. झेंडे वेगळे, पण या मुलांच्या घरची माणसं जेव्हा मागे वळून बोलतात तेव्हा ऐकू येणारं पुष्कळसं तुमच्या पत्रासारखंच असतं. आधी मुलगा गप्प झाला, मग मित्र सुटले, मग एक दिवस तो कुणाचं तरी वाक्य बोलायला लागला.

वेडा झालाय का, हा तुमचा पहिला प्रश्न. पत्रावरून निदान मी करणार नाही, करूही नये. पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. द्वेष हा आजार नाही. कितीही कडवट, कितीही घातक मत असलं तरी ते मत आहे म्हणून कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. आपला 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही हेच म्हणतो: राजकीय किंवा धार्मिक मतं समाजाच्या चालीशी जुळत नाहीत, किंवा माणूस अमुक गटाचा आहे, एवढ्यावरून मानसिक आजार ठरवायचा नाही. ही तरतूद आपल्याच रक्षणासाठी आहे. उद्या सरकारला न आवडणारं बोलणाऱ्या कोणालाही ‘वेडा’ म्हणून आत टाकता येऊ नये, म्हणून.

आजार कुठे संपतो आणि मत कुठे सुरू होतं, हे मोठमोठ्या तज्ज्ञांनाही सोपं जात नाही. नॉर्वेत 22 जुलै 2011 ला एका माणसाने 77 जणांना मारलं. न्यायालयाने नेमलेल्या पहिल्या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं, याला स्किझोफ्रेनिया आहे. लोक भडकले, दुसरे दोघे नेमले, ते म्हणाले, हा भ्रमिष्ट नाही. 2012 च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने दुसऱ्यांचं मान्य केलं आणि त्याला शुद्धीवरचा माणूस म्हणून शिक्षा दिली. त्याचे विचार कितीही भयंकर असले तरी ते त्याच्या एकट्याचे नव्हते. तसं मानणारे लोक युरोपभर होते, एकमेकांना दाद देत होते. आजारातला भ्रम बहुतेकदा एकट्याचा असतो: टीव्हीवरची बाई माझ्याशीच बोलते, शेजारी माझे विचार ऐकतात, देवाने हे काम मला एकट्यालाच सांगितलंय. तुमच्या भावाकडे असं काही दिसतं का? कोणी नसताना कानात आवाज येतात का, एकटाच पुटपुटतो का, मोबाइलवर कापड टाकून ठेवतो का, आईच्या हातचं जेवण विष घातलंय म्हणून सारतो का? गांजा वगैरे सुरू झालाय का? यांतलं काही असेल तर वाट बघू नका, याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. या वयात सायकोसिसची, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याच्या आजाराची, सुरुवात होऊ शकते, आणि उपचार जितके लवकर तितके बरे.

यांतलं काहीच नसलं तरी डॉक्टरकडे जायचं कारण संपत नाही. पहाटेपर्यंत जागरण, उतरलेलं वजन, बंद खोली, दोन वर्षांच्या कष्टांनंतरची नामुष्की, बापाचं न बोलणं. या यादीत त्या ग्रुपचं नावही नाही, आणि तरी कोणताही चांगला डॉक्टर एवढ्यावर त्याला समोर बसवून घेईल. नैराश्य असण्याची शक्यता मला बरीच वाटते. तरुण पोरांमध्ये नैराश्य रडवेलं नसतं, चिडकं असतं. ते जेवताना ‘कापून काढू’ म्हणतं.

माँट्रियलमध्ये 2015 च्या जानेवारीत एकाच कॉलेजची काही मुलं सीरियाला निघून गेली. त्यानंतर तिथल्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. सेसिल रूसो यांनी अशा मुलांसाठी खास पथकं उभी केली. मला त्यांच्या कामातलं पटतं ते हे, की त्यांनी हा ‘दहशतवाद्यांचा दवाखाना’ होऊ दिला नाही. येणाऱ्या मुलाला नेहमीच्या रुग्णासारखं वागवायचं, त्याची झोप, भीती, अपमान, एकटेपणा बघायचा, शिक्षणाची किंवा कामाची वाट परत लावून द्यायची. विचारसरणीशी कुस्ती करायची नाही. मुलगा आपल्याला दुखतंय असं म्हणू शकला, की त्या विचारांची पकड बऱ्याचदा ढिली होते. नेहमीच होते, असं नाही.

आता त्याला न्यायचं कसं. ‘तुझं डोकं फिरलंय, चल डॉक्टरकडे’ म्हणालात तर तो येणार नाही, आणि का यावं? खरं तेच सांगा: ‘तुला झोप नाही, अंगावर मांस राहिलं नाही, मला काळजी वाटते. एकदा दाखवून येऊ.’ गावातल्या फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात केली तरी चालेल. त्यांनी रक्त, थायरॉइड वगैरे बघावं आणि पुढे चिठ्ठी द्यावी. सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग असतो, खर्चाची चिंता असेल तर तिथे जा. डॉक्टरांना भेटण्याआधी तुम्ही जे पाहिलं ते एका कागदावर लिहून द्या: ग्रुप, व्हिडिओ, जेवतानाचं ते वाक्य. भाऊ स्वतःहून ते सांगणार नाही. आणि एक करू नका. चहात, आमटीत लपवून गोळ्या द्यायचे सल्ले तुम्हाला मिळतील, आपल्याकडे हे सर्रास चालतं. ज्याला आधीच वाटतंय की जग आपल्याविरुद्ध कट करतंय, त्याच्यावर आईनेच कट करायचा? ज्या दिवशी त्याला कळेल त्या दिवसापासून तो घरचं पाणीही पिणार नाही.

अंगाऱ्याचं म्हणाल तर आईच्या मनाला आधार वाटत असेल तर तो देवघरात राहू द्या. त्यावरून आईशी भांडण नको. फक्त त्या महाराजांकडे पोराला नेणं नको.

तो 19 वर्षांचा आहे, म्हणजे कायद्याने सज्ञान. त्याच्या मनाविरुद्ध दाखल करणं शक्य आहे, पण अटी कडक आहेत: अलीकडे स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न किंवा तशी धमकी, दुसऱ्यावर हिंसा किंवा तशी भीती, किंवा स्वतःची काळजी घेता येऊ नये इतकी अवस्था. तीही आजारामुळे असायला हवी, आणि दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून तसं म्हणायला हवं. तुमच्या पत्रात तसं काही मला दिसत नाही. काकांना हे सांगून ठेवा, कारण त्यांची पुढची सूचना ‘टाका येरवड्याला’ हीच असणार.

आता तुमचा खरा प्रश्न, पोलिसांचा. त्याच 2017 च्या कायद्यात रुग्णाच्या माहितीची गुप्तता हा हक्क आहे. तुमचा भाऊ डॉक्टरांसमोर एखाद्या जमातीला शिव्या घालील, व्हिडिओ बघतो म्हणून सांगेल, एवढ्याने डॉक्टर फोन उचलणार नाहीत. पण गुप्ततेला अपवाद आहेत. दुसऱ्या कोणाला इजा किंवा हिंसा होण्यापासून वाचवायचं असेल, कोणाच्या जिवाला धोका असेल, सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न असेल, तर डॉक्टर आवश्यक तेवढी माहिती देऊ शकतात. मला हे योग्य वाटतं. तुमचा भाऊ ज्यांना ‘यांना’ म्हणतो त्यांच्याही घरी कोणी मोठी बहीण आहे. भावालाही हे आधीच सांगा, लपवू नका. चांगले डॉक्टर पहिल्या भेटीत स्वतःच सांगतात. ब्रिटनमध्ये 2015 च्या कायद्याने शिक्षकांवर आणि सरकारी आरोग्यसेवेवर अशी मुलं हेरण्याची जबाबदारी टाकली, तेव्हा तिथले बरेच डॉक्टर चिडले. त्यांचं म्हणणं होतं, दवाखान्यात बसलेला माणूस खबऱ्या आहे असं एकदा वाटलं की ज्याला सगळ्यात गरज आहे तोच येणार नाही. आपल्याकडे दवाखान्याचा दरवाजा अजून तसा नाही, त्याचा उपयोग करून घ्या.

पोलिसांकडे स्वतःहून जावं का? आज, तुम्ही लिहिलंय तेवढ्यावर, मी आधी डॉक्टर म्हणेन. पण काही गोष्टी दिसल्या तर मात्र थांबायचं नाही. ‘ते लोक’ च्या जागी एखाद्या माणसाचं नाव, एखादी जागा, एखादी तारीख यायला लागली. कोयता, पिस्तूल, स्फोटकाचं सामान आणलं किंवा त्याची चौकशी चालवली. कोणाच्या तरी घराभोवती चकरा मारायला लागला. आधीच्या हल्लेखोरांचं कौतुक करता करता ‘मी पण’ म्हणू लागला. निरोपाचा व्हिडिओ केला, वस्तू वाटून टाकल्या, आठवडे धुमसत असलेला मुलगा अचानक शांत आणि प्रसन्न झाला. असे हल्ले करणारे बहुतेक जण आधी कोणाला तरी काहीतरी बोललेले असतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, बोलतोय नुसता. तसं झालं तर 112 लावा. ते भावाशी दगाफटका करणं नव्हे. हल्ल्याच्या आदल्या दिवशी अडवलेल्या मुलाला पुढे आयुष्य असतं. राज्याच्या एटीएसनेही काही मुलांना अटक न करता कुटुंब, समुपदेशक आणि धर्मगुरूंच्या मदतीने मागे आणलेलं आहे. 2015 च्या डिसेंबरमध्ये पुण्यातली 16 वर्षांची एक विद्यार्थिनी अशीच घरच्यांसोबत ठेवून सावरली गेली. पण हे सगळ्यांच्या वाट्याला येईलच असं धरून चालू नका. तातडी नसेल तर जाण्याआधी वकिलाशी बोला. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन 15100.

निरोपाच्या खुणा आत्महत्येच्याही असू शकतात, हे विसरू नका. मारायचं आणि मरायचं, हे दोन्ही विचार एकाच खोलीत राहतात. त्याला सरळ विचारा: ‘जगणं नकोसं वाटतं का रे?’ विचारल्याने तो विचार डोक्यात जात नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून सुटका वाटते.

घरात काय करायचं, यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण डॉक्टर महिन्यातून दोनदा भेटतील आणि घर रोज आहे.

तुमच्या पत्रातला मला सगळ्यात बोलका वाटलेला शब्द ‘अ‍ॅडमिन’. विचार करा. घरात तो दोनदा नंबर न लागलेला पोरगा आहे, ज्याच्या क्लासच्या फीपायी बहुधा कर्ज आहे आणि ज्याच्याशी बाप बोलत नाही. गल्लीत निघाला की ‘काय, यंदा काय करतोयस?’ हा प्रश्न आहे. आणि मोबाइलमध्ये शेकडो माणसं त्याला भाऊ म्हणतात, त्याने काय टाकायचं नि कोणाला काढायचं हे त्याच्या हातात आहे. तुम्ही 19 वर्षांच्या असता तर कुठे बसला असता? आरी क्रुग्लान्स्की नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी श्रीलंकेतल्या एलटीटीईच्या माजी सैनिकांपासून अनेकांचा अभ्यास करून मांडलंय, की हिंसेकडे ओढल्या जाणाऱ्या माणसात तीन धागे सापडतात: आपण कोणीतरी आहोत असं वाटण्याची भूक, ती भूक हिंसेने भागेल असं सांगणारी एक गोष्ट, आणि ती गोष्ट रोज ऐकवणारं गणगोत. आपण घरची माणसं मधल्या धाग्याशी झटापट करत बसतो. इतिहास असा नव्हता, आकडे खोटे आहेत, धर्म असं सांगत नाही. त्याच्याकडे प्रत्येक मुद्द्याला तयार उत्तर आहे, ग्रुपमध्ये त्याला रोज हीच तालीम मिळते. वाद जिंकलात तरी तो फक्त आणखी एक अपमान घेऊन खोलीत जाईल. तुमचा हात पोचतो तो पहिल्या आणि तिसऱ्या धाग्यापर्यंत.

जर्मनीत 2012 पासून अशा वाटेला लागलेल्या मुलांसंबंधी सरकारी हेल्पलाइन आहे, आणि ती त्या मुलांसाठी नाही, त्यांच्या आईवडिलांसाठी, भावंडांसाठी, शिक्षकांसाठी आहे. तिच्याशी जोडलेली बर्लिनची हयात ही संस्था आधी घरच्यांनाच शिकवते, की या मुलाशी बोलायचं कसं. त्यांचं गृहीत साधं आहे. मुलगा ज्या दिवशी आतून डळमळेल त्या दिवशी ज्याच्याकडे तो वळेल, ते माणूस शिल्लक असलं पाहिजे. ग्रुपवाले सांगतच असतात, की घरचे तुला समजून घेणार नाहीत. काकांचे चार फटके म्हणजे त्यांचं म्हणणं खरं करून देणं.

म्हणून बोला, पण त्याच्याविषयी बोला. ‘कालही चार वाजता दिवा चालू होता. काय होतं रात्री?’ ‘लातूरच्या त्या खोलीत कसे दिवस होते, कधी सांगितलं नाहीस.’ तो विषय तिकडे नेईल. तेव्हा एकदाच, आवाज न चढवता, सांगा: ‘कोणालाही मारण्याच्या बाजूला मी नाही, आणि तू माझा भाऊ आहेस.’ रोज रोज सांगू नका. हसून टाळूही नका, कारण गप्प बसलेल्या माणसाची संमती धरली जाते. टिंगल अजिबात नको. ‘नापास झाला म्हणून क्रांती करायला निघाला’ असलं वाक्य घरात कोणी उच्चारलं असेल तर त्यांना थांबवा.

बाबांशी मात्र तुम्हालाच बोलावं लागेल. हा या सगळ्यातला सगळ्यात अवघड भाग, ग्रुपपेक्षाही. त्यांनी मायेने जवळ घेऊन माफ केलं वगैरे अपेक्षा नको, आपल्याकडच्या बापांना ते जमत नाही. बँकेत चल, मोटारीचं पंक्चर काढून आण, पाऊस बघून पेरायचं का सांग, एवढं बोलले तरी पुरे. कामाला हाक मारली म्हणजे अजून घरात धरलंय, एवढं पोराला कळतं.

आणि बाहेरचा एक माणूस शोधा. डेन्मार्कच्या आर्हुस शहरातून 2013 पर्यंत सुमारे 30 तरुण सीरियाला गेले होते, पुढच्या वर्षी ते जवळपास थांबलं. तिथे पोलिस आणि नगरपालिकेने प्रत्येक मुलाला एक मार्गदर्शक जोडून दिला, कॉलेज-नोकरीच्या वाटा काढल्या, आईवडिलांचे गट केले. श्रेय किती त्या कार्यक्रमाचं आणि किती इतर कारणांचं, यावर वाद आहे, आणि एकूणच अशा कार्यक्रमांचा ठोस पुरावा अजून फार भक्कम नाही. पण मार्गदर्शकाची कल्पना मला आवडते, कारण आपल्याकडे ती फुकट मिळते. शाळेतले खो-खोचे सर, तालमीतले वस्ताद, एखादा मामा, ज्याचं त्याने कधीतरी ऐकलंय असा कोणी. त्यांनी प्रवचन द्यायचं नाही. संध्याकाळी ग्राउंडवर बोलवायचं, लहान पोरांना शिकवायला लावायचं. तो ब्लॉक केलेला मित्र आज नको, त्याच्यावर हे ओझं टाकू नका. पण त्याच्या घरी तुमची ये-जा असेल तर ती तोडू नका.

मोबाइल फोडू नका, नवा घ्यायला पैसे तो कुठूनही आणेल. रात्री बाराला मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला, आणि आईबाबांचाही तिथेच, असा नियम सगळ्या घराला लावून बघा. झोपेसाठी डॉक्टरांनी सांगितलं तर जास्त चालेल. त्याच्या ग्रुपमधले फोटो, मेसेज तुम्ही नातेवाइकांना पुढे पाठवू नका, ना त्याच्या मोबाइलमधलं गुपचूप पुसून टाका. दोन्ही गोष्टी उद्या अंगावर येऊ शकतात. आणि गटागटांत वैर पसरवणारा मजकूर टाकणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 खाली गुन्हा आहे, हे त्याला कोणीतरी सांगायला हवं. खो-खोच्या सरांनी सांगितलं तर धमकी वाटणार नाही.

तुम्ही लिहिलंय की हे सगळं नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. सांगा. ठाण्याहून फोनवर हे एकटीने ओढणं जमणारं नाही, आणि सासरी कळेल या भीतीने तुम्ही गावी जाणं टाळाल. तुमच्यासाठी पहिला फोन टेलिमानस, 14416. मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. भावासाठी म्हणून नका लावू, स्वतःसाठी लावा, मग पुढचं तेच सुचवतील.

राहिले काका. त्यांना शनिवारीच फोन करा. येऊ नका असं म्हणालात तर ते नक्की येतील. त्यांना म्हणा, रविवारी डॉक्टरकडे जायला गाडी लागणार होती, पण वेळ सोमवारची मिळालीय, तर सोमवारी याल का? चालवायला या, बोलायला नको. दवाखान्यात आत तुम्ही जा, त्यांना बाहेर बसवा.